दांत काढल्यानंतरचे दिवस

दांत उपटला, पात्रांत पडला आणि दुखणें संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दंतवैद्यकाचा इतिहास पाहिला असतां निराळेंच दिसून येतें. दांत बाहेर काढण्याची युक्ति मनुष्यास फार पूर्वीं साधली. मागें राहिलेली जखम सुखरूप भरून आणण्याची विद्या मात्र त्यास पुष्कळ उशिरां प्राप्त झाली. गोंदिया जिल्ह्यासारख्या, अरण्यानें वेढलेल्या व दूर दूर वसलेल्या गांवांच्या प्रदेशांत तर या दुसऱ्या विद्येचें महत्त्व पहिलीहून अधिक आहे.

आपल्या देशांत या विषयाचा प्राचीन व सविस्तर विचार सुश्रुतसंहितेंत आढळतो. तेथें मुखरोगांचे ६५ प्रकार सांगितले असून दंतशंकु नांवाच्या शस्त्राचाही निर्देश आहे. दांताच्या मुळाशीं पू वाहणारी नाडी झाल्यास दांत समूळ काढावा, व्रण शुद्ध करावा आणि क्षारानें किंवा अग्नीनें डाग द्यावा, असा उपचार त्या ग्रंथांत आहे. मात्र वरच्या ओळीचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो काढूं नये. रक्त अतिशय वाहून रोगी एका डोळ्यानें आंधळा होतो किंवा त्यास अर्दित, म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात होतो, अशी ताकीदही दिली आहे. आजच्या शास्त्रास हा नियम मान्य नाहीं. वरचे दांत नित्य काढले जातात. तथापि या कर्मांतील मोठें भय रक्ताशीं निगडित आहे, हें त्या आचार्यांनीं बरोबर हेरलें होतें.

युरोपांत अठराव्या शतकांत किल्लीच्या आकाराचें एक हत्यार प्रचारांत आलें. तें दांतास अडकवून पिळीत. त्यांत दांत मोडे, आणि कधीं कधीं जबड्याचें हाडही फुटे. १८४१ सालीं लंडनचे जॉन टोम्स यांनीं दांताच्या मानेवर नीट बसणाऱ्या चिमट्यांची माहिती प्रसिद्ध केली. १८४४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील होरेस वेल्स यांनीं नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ सालीं विल्यम मॉर्टन यांनीं ईथरचा प्रयोग केला, आणि १९०५ पासून नोव्होकेन टोंचून जागा बधिर करण्याची सोय झाली. याप्रमाणें साठ-पासष्ट वर्षांत उपटण्याची वेदना जिंकली गेली. पुढची वेदना मात्र तशीच उरली.

ती वेदना समजण्यास जखम कशी भरते हें जाणलें पाहिजे. दांत निघाला कीं हाडांत खळगा राहतो व तो रक्तानें भरतो. तें रक्त गोठून जी गुठळी बनते, तीच निसर्गाची पट्टी होय. तिच्याच आधारें नवें मांस धरतें, कांहीं आठवड्यांत हिरडी मिटते, आणि पुढें कित्येक महिन्यांनीं आंत नवें हाड भरून येतें. ही गुठळी अकालीं विरघळली किंवा निखळली तर हाड उघडें पडतें. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास, दुखणें उतरणीस लागावयाचें तें उलट भडकतें. ठणका कानापर्यंत चढतो, तोंडास दुर्गंधी येते, झोंप लागत नाहीं. या विकारास ‘कोरडा खळगा’ या अर्थाचें नांव अमेरिकेंतील क्रॉफर्ड यांनीं १८९६ सालीं दिलें. खालच्या अक्कलदाढेच्या जागीं, विशेषतः ती कष्टानें, हाड कोरून काढावी लागली असतां, हा विकार अधिक आढळतो. दंतवैद्यानें खळगा धुऊन औषधी पट्टी भरली म्हणजे बहुधा लवकर आराम पडतो.

दुसरें संकट याहून भयंकर. १८३६ सालीं जर्मन वैद्य लुडविग यांनीं हनुवटीखालीं पसरणाऱ्या, लांकडासारख्या कठीण सुजेचें वर्णन केलें. खालच्या दाढांचा पू गळ्यांत उतरून ती उद्भवते आणि श्वास कोंडून रोगी दगावे. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावर या मृत्यूंस पुष्कळ आळा बसला. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाल्यावर हें औषध देशांतच तयार होऊं लागलें. तरीही औषधापूर्वीं रोगी वैद्याकडे पोहोंचला पाहिजे, हें उघड आहे.

येथेंच गोंदियाचा प्रश्न उपस्थित होतो. नागपुरास सरकारी दंत महाविद्यालय १९६८ सालीं निघालें. गोंदियाहून तें रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला आणि २०१६ सालीं गोंदियास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलें. सोय वाढली खरी. परंतु देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगांवकडील मनुष्य शहरांत दाढ काढवून त्याच दिवशीं घरीं परततो, आणि खरा ठणका तिसऱ्या दिवशीं, गांवीं, लागतो. तेव्हां तो अंगावर काढावा कीं बस धरावी, हा निर्णय घरच्यांसच करावा लागतो.

त्यांत तंबाखूची भर. तेंदूपत्त्याच्या या प्रदेशांत विड्यांचा धंदा विसाव्या शतकांत भरभराटीस आला, आणि हजारों हातांस काम मिळालें. परंतु विडीच्या झुरक्यानें गुठळी ओढली जाते व धुरानें जखम मंदावते. खर्ऱ्याचा प्रकार याहून वाईट. सुपारीच्या दीर्घ सेवनानें तोंडाची अंतस्त्वचा राठ होऊन जबडा उघडेनासा होतो. १९५२ सालीं श्वार्ट्झ यांनीं पूर्व आफ्रिकेंतील हिंदी स्त्रियांत हा विकार नोंदविला. जेथें दोन बोटें तोंडांत जात नाहींत, तेथें दाढ काढणें दंतवैद्यासही दुर्घट होतें.

पूर्व विदर्भांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तविकार येथील अनेक कुटुंबांत आहे. अशा रोग्यास जंतुसंसर्ग, थंडी किंवा अंगांतील पाणी कमी होणें यांनीं वेदनांचा तीव्र झटका येऊं शकतो. म्हणून दाढ काढण्यापूर्वींच ही गोष्ट दंतवैद्यास सांगावी. मधुमेह असल्यास, किंवा रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास, तेंही सांगावें.

नंतरचे नियम साधेच आहेत. कापसाचा बोळा सांगितल्या वेळेपर्यंत चावून धरावा. पहिला दिवस चूळ भरूं नये, थुंकूं नये, नळीनें कांहीं ओढून पिऊं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें तोंड हळुवार धुवावें. धानाच्या या मुलखांत भाताची कोमट पेज हें सर्वांत सोयीचें पथ्य. विडी, तंबाखू, खर्रा निदान जखम भरेपर्यंत वर्ज्य करावा. रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवशीं ठणका वाढला असेल, तर पुन्हा दंतवैद्याकडे जावें. ताप चढला, तोंड मिटूं लागलें, गळ्याखालीं सूज आली, गिळतां येईना किंवा श्वास जड झाला, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं दवाखाना गांठावा.

चिमटा, वायु आणि सुई यांनीं दांत काढणाऱ्याचें काम सोपें केलें. उरलेलें काम रोग्याच्या घरांत, आठ-पंधरा दिवस चालतें, आणि तें करणारे हात बहुधा आई, पत्नी किंवा सून यांचे असतात. तिसऱ्या दिवसाचा अर्थ त्यांस ठाऊक असणें, हाही या दोन सहस्र वर्षांच्या विद्येचाच एक भाग आहे.