सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन : असेंट चाचणी

ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगात संप्रेरकांचे ग्राही नसतात, हर-२ प्रथिनाचा अतिरेकही नसतो. त्यामुळे त्यांवरची औषधे येथे निरुपयोगी ठरतात. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन हे प्रतिपिंड-संयुग कर्कपेशींवरील ट्रॉप-२ प्रथिनाला चिकटून एसएन-३८ हे पेशीमारक द्रव्य सोडते. असेंट चाचणीत मेंदूत प्रसार नसलेल्या, आधी केमोथेरपी झालेल्या ४६८ रुग्णांचे मध्यक आयुष्य नेहमीच्या केमोथेरपीने ६.७, तर या औषधाने १२.१ महिने भरले. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना व रुग्णांना ठाऊक होते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यामुळे आजारवाढीचे मोजमाप कलू शकते, मृत्यूची तारीख नव्हे. पांढऱ्या पेशी घटणे आणि जुलाब मात्र वाढले. हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. अमेरिकेने २०२० मधील सशर्त मान्यता एप्रिल २०२१ मध्ये पूर्ण केली.