ससा, साखळी आणि पंचेचाळीस पावलं

(ऐकलेल्या भागाचं थोडं नीटनेटकं केलेलं लिखित रूप.)

एरवी आपण इथे किल्ले, लढाया, जुने कागद यांवर बोलतो. आजचा भागही इतिहासाचाच आहे, पण त्याची सुरुवात आमच्या घरातल्या एका फ्रॅक्चरपासून होते.

आमच्याकडे डांबर नावाचा कुत्रा आहे. काळाकुट्ट, म्हणून डांबर. चार वर्षं तो तासगावजवळ मामाच्या द्राक्षबागेत राखणीला होता. दिवसभर साखळीला बांधलेला, रात्री मोकळा. मामाने बाग सोडली आणि डांबर साताऱ्याला आमच्याकडे आला. घरात अगदी गाय. कुणाच्या ताटाकडे बघणार नाही. पण पट्टा लावून बाहेर काढला आणि समोर दुसरा कुत्रा दिसला, की अंगात आल्यासारखं करायचा. दोन पायांवर उभा, भुंकून भुंकून घसा बसलेला, पट्टा ताठ.

ऑगस्टमधल्या एका सकाळी पट्टा आईच्या हातात होता. दोन गाड्यांच्या मधून अचानक एक कुत्रं बाहेर आलं. डांबरने जी झेप घेतली, त्यात आई ओल्या रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

बाबा रागावून बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "कुणाच्या तरी बागेत देऊ त्याला. साखळीची सवय आहे त्याची."

मी म्हटलं, "बाबा, दिवाळीपर्यंत थांबा."

बाबांनी मान डोलावली. आता माझ्याकडे मुदत होती, पण काय करायचं ते माहीत नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बग आला की आधी तो कधीपासून आहे ते बघतो. तसं मी कुत्रा आणि दोरी या नात्याचा इतिहास वाचायला घेतला.

साताऱ्यात हा इतिहास फार लांब शोधावा लागत नाही. शहराच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे संगम माहुली आहे. शाहू महाराजांची समाधी तिथे आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. लोक त्याला खंड्या म्हणतात. ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकिकत दिली आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनद काढून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सगळा सरंजाम खरोखर ठेवला गेला. एकदा तर भर दरबारात त्याला जरीचे कपडे, दागिने आणि स्वतःची पगडी घातली. डफ हे सगळं राजाच्या लहरीपणाचा नमुना म्हणून सांगतो.

मला वाचताना वेगळंच आठवलं. शाहू महाराज १६८९ ते १७०७, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत होते. लहानपण आणि तरुणपण दोन्ही छावणीत गेलं. त्याचा आणि पालखीचा संबंध आहे असा माझा दावा नाही, तसा कुठला कागदही नाही. पण अठरा वर्षं स्वतःच्या मर्जीने कुठे जाता न आलेला माणूस आणि त्याचा कुत्रा, हे चित्र डोक्यातून जाईना. आमचाही एक जण चार वर्षं साखळीला होता ना.

आता माहुलीहून जरा लांब जाऊ, रशियात. पावलोव्हची घंटा सगळ्यांना माहीत असते. त्याचं नोबेल मात्र १९०४ चं, आणि ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्याच्या व्याख्यानांत एका कुत्र्याची गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. एरवी शांत असलेलं हे जनावर प्रयोगाच्या चौकटीत उभं केलं आणि पायांत सैल फास अडकवले, की बेचैन व्हायचं, धडपडायचं, लाळ थांबायचीच नाही. बऱ्याच प्रयत्नांनंतर पावलोव्हच्या लक्षात आलं की त्याला बांधलं जाणंच सहन होत नाहीये. याला त्याने स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं. उपाय काय केला? त्याचं सगळं जेवण फक्त त्या चौकटीतच द्यायला सुरुवात केली. आधी तो नीट खाईना, वजन उतरलं. मग हळूहळू खायला लागला आणि शांतही झाला.

त्याच सुमाराचं दुसरं टोक जर्मनीत होतं. पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्टचं पुस्तक १९१० चं. त्यात सक्तीला, पट्ट्याच्या झटक्याला मोठं स्थान आहे. सैन्या-पोलिसांतून ही पद्धत पुढे घराघरांत गेली. मीही पहिले दोन आठवडे तेच करत होतो. समोर कुत्रा दिसला की झटका आणि "गप!" आता डांबरच्या बाजूने बघा. कुत्रा दिसतो, आणि त्याच क्षणी गळ्याला हिसका बसतो. रोज. तो काय शिकणार? कुत्रा दिसला की दुखतं, एवढंच.

त्यात पट्ट्याचा स्वतःचा एक घोळ आहे. मोकळे कुत्रे एकमेकांकडे सहसा सरळ चालत येत नाहीत. वळसा घेतात, तोंड फिरवतात, जमीन हुंगतात, नाहीतर सरळ निघून जातात. पट्ट्यातल्या कुत्र्याला आपण नाकासमोर नेतो, आणि पळायची वाटही बंद. मग उरतं भुंकणं. आणि ते चालतंही, कारण समोरचा शेवटी जातोच. बागेत तर भुंकणं ही डांबरची नोकरी होती. चार वर्षं तो भुंकला आणि चार वर्षं माणसं निघून गेली. माझ्या लेखी बग होता, त्याच्या लेखी ते उत्तम चालणारं फीचर होतं.

आता ससा. १९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. उंदीर दाखवायचा आणि मागे मोठा आवाज करायचा. हा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतो. त्याच्या उलट प्रयोग मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने केला आणि १९२४ मध्ये छापला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचं खायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. किती लांब? जिथे असूनही पीटर जेवत राहील इतका. मग रोज थोडा जवळ. त्यांनी प्रगतीच्या सतरा पायऱ्या लिहिल्या आहेत. पहिल्या पायरीला ससा खोलीत कुठेही असला तरी भीती. दुसरीला बारा फुटांवर चालतो, मग चार फूट, तीन फूट. सतराव्या पायरीला पीटर सशाला आपली बोटं हळूच कुरतडू देतो.

आज कुत्र्यांसाठी जी पद्धत सांगतात, तिचा सांगाडा हाच आहे. पुढे जोसेफ वोल्पे यांनी मांजरांवर प्रयोग करून हीच वाट माणसांच्या उपचारात आणली. त्यांचं पुस्तक १९५८ चं.

मी आधी पशुवैद्यांकडून डांबरला कुठे दुखत नाही ना ते तपासून घेतलं. मान मोकळी राहावी म्हणून छातीचा पट्टा घेतला आणि तोंडाच्या जाळीची सवय लावली. मग एक्सेल शीट उघडली. कुत्रा किती पावलांवर असताना डांबर बघतो पण भुंकत नाही? पंचेचाळीस. म्हणजे आमची दुसरी पायरी पंचेचाळीस पावलांवर. भल्या पहाटे माहुलीच्या बाजूला मोकळ्या जागी जायचं. लांब कुत्रा दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. तो गेला की चिकन बंद. आधी कुत्रा, मग चिकन, हा क्रम पक्का. भुंकलाच, तर ओरडायचं नाही, मागे वळायचं. चूक अंतर मोजण्यात माझी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तिसऱ्या आठवड्यात मी घाई केली. एकदम पंधरा पावलांवर नेलं आणि तोंडासमोर चिकन धरलं. त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीचा आवाज आला तरी तो इकडेतिकडे बघायला लागला, आता कुठून येतोय म्हणून. जोन्सबाईंनी हे लिहून ठेवलंय: हलगर्जीपणा केला तर उलटच होईल, जेवण बघूनच भीती वाटायला लागेल. शंभर वर्षांपूर्वीची सूचना, मी वाचली होती, आणि तरीही.

ऑक्टोबरात वीस पावलांवर आलो होतो. मग एका रात्री तीन मोकाट कुत्र्यांनी आम्हाला गल्लीत घेरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस. त्या रात्री मी बाबांना सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो. मग पीटरचा निबंध परत काढला, कारण असंच काहीतरी वाचल्याचं आठवत होतं. पीटर मध्येच आजारी पडून दोन महिने दवाखान्यात होता. घरी निघताना, टॅक्सीत चढताना, एक मोठा कुत्रा त्याच्या आणि नर्सच्या अंगावर आला. त्याची भीती परत पहिल्या जागी गेली. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सतरावी पायरी त्यानंतरची आहे.

आम्हीही परत सुरू केलं. या वेळी उतरायला कमी दिवस लागले.

दिवाळीला डांबर बरा झाला होता का? नाही. दहा पावलांच्या आत तो आजही भुंकतो, आणि फटाक्यांचे चार दिवस आम्ही बाहेरच पडलो नाही. पण भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही सगळे माहुलीला गेलो. घाटाच्या वरच्या अंगाला एक पिवळं कुत्रं ऊन खात पडलं होतं. डांबरने त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून माझ्या खिशाकडे.

आई म्हणाली, "दे इकडे." तिने डाव्या हातात पट्टा घेतला. उजव्या मनगटात अजून जोर नव्हता. बाबा काही बोलले नाहीत. फक्त आई आणि त्या पिवळ्या कुत्र्याच्या मधल्या बाजूने चालायला लागले. बागेचा विषय घरात परत निघालेला नाही.

तुमच्याकडेही असा कुणी असेल, तर आधी पावलं मोजा. पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यावर जाऊ. तोवर नमस्कार.