तिमाहीची कुळकथा

सप्टेंबरची १५ तारीख जवळ आली की दुकानदाराचा सी.ए.ला फोन जातो: आगाऊ कर किती भरायचा? पलीकडून आकडा येतो, तो भरला जातो आणि विषय डिसेंबरपर्यंत मिटतो. या फोनमागे एक अंदाज दडलेला असतो. वर्षाच्या अंदाजे कराचे १५ टक्के १५ जूनपर्यंत, एकूण ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि सगळा १५ मार्चपर्यंत भरायचा, तर यंदा नफा किती होईल हे आधी कोणाला तरी ठरवावंच लागतं. म्हणजे वर्षातून चार वेळा त्या दुकानाचं भविष्य मांडलं जातं. मांडणारा मात्र गल्ल्यावर बसत नाही, आणि गल्ल्यावर बसणारा ते वाचत नाही.

तिमाही नियोजन हल्ली शिबिरांतून नव्या शोधासारखं शिकवलं जातं: नव्वद दिवसांची उद्दिष्टं, तीन कामं, एक पान. त्यात वावगं काही नाही. पण तिमाहीचं कूळ शोधत मागे गेलं की ती नियोजनाच्या घरात जन्मलेलीच दिसत नाही. तिचा जन्म वसुलीच्या घरातला.

इंग्लंडात मध्ययुगापासून वर्षातले चार दिवस ठरलेले होते: २५ मार्चचा लेडी डे, २४ जूनचा मिडसमर, २९ सप्टेंबरचा मायकलमस आणि २५ डिसेंबरचा नाताळ. दिवस धार्मिक सणांचे, काम देण्याघेण्याचं. कुळाने जमीनदाराला खंड याच दिवशी द्यायचा, हिशेब याच दिवशी मिटवायचे, नोकरही याच सुमारास ठेवायचे. तिथल्या दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या कित्येक भाडेकरारांत आजही भाडं याच चार तारखांना द्यावं लागतं. १७५२ साली इंग्लंडने कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, अकरा दिवस गळाले. त्याआधी तिथलं कायदेशीर नववर्ष २५ मार्चला सुरू होत असे, आणि ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, त्यात या जुन्या हिशेबाची खूण उरली आहे. भारतातल्या ब्रिटिश सरकारचं आर्थिक वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असं चाले. १८६७ पासून विलायती हिशेबाशी मेळ बसावा म्हणून ते १ एप्रिलला सुरू होऊ लागलं. आपल्या तिमाह्यांच्या सीमा तिथून आल्या.

आपल्याकडे काळाचे तुकडे वेगळ्या जागी पडत. मराठेशाहीच्या दफ्तरांतला सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदले, म्हणून तो मृगसाल. नवं वर्ष पावसाच्या तोंडावर, पेरणीबरोबर. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५च्या 'गावगाड्या'त बलुतेदारीचं वर्णन केलं आहे. सुताराने, लोहाराने वर्षभर औतं दुरुस्त करायची आणि मोबदला पीक आल्यावर खळ्यावर घ्यायचा. तीन महिन्यांनी हिशेब मागायला त्याच्यापाशी काही नव्हतंच. पेठेतला व्यापारी दिवाळीला लक्ष्मीपूजनात नव्या वह्या पुजायचा आणि पाडव्याला नवी कीर्द उघडायचा. आयकर कायद्यानेही ही सवय बराच काळ चालवून घेतली, हिशेबाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी धरता येत असे. १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना ३१ मार्च सक्तीचा झाला. वह्यांची पूजा दिवाळीत राहिली, हिशेब मार्चला गेला. ही फारकत छोट्या व्यापाऱ्याला अजून पुरती सोसलेली नाही, असं मला वाटतं.

मग तिमाही पुढे बघायला कुठे शिकली? याचं सगळ्यात चांगलं उत्तर डेट्रॉइटमध्ये सापडतं, आणि तेही एका मोठ्या फजितीनंतर.

१९२० साली जनरल मोटर्सचे कारखाने भराभर माल भरत होते. प्रत्येक विभाग आपापल्या हिमतीवर पोलाद, टायर, सुटे भाग घेत होता आणि मुख्य कचेरीने घातलेली मर्यादा कोणी पाळत नव्हतं. मंदी आली, सप्टेंबरात फोर्डने किमती धाडकन उतरवल्या, आणि जनरल मोटर्सच्या गोदामांत कोट्यवधी डॉलरांचा माल अडकून पडला. वर्ष संपायच्या आत संस्थापक विल्यम ड्युरंट यांना जावं लागलं. कंपनी पिएर द्यू पाँ यांच्या हाती आली. त्यांच्याबरोबर डोनाल्डसन ब्राउन हे आकड्यांचे जाणकार आले, आणि आल्फ्रेड स्लोन तिथे होतेच.

या मंडळींनी प्रत्येक विभागाकडून दरमहा एक तक्ता मागवायला सुरुवात केली: चालू महिना आणि पुढचे तीन महिने. विक्री किती होईल, उत्पादन किती करणार, त्यासाठी माल किती घ्यावा लागेल. महिना सरला की तो गळायचा आणि पुढे एक नवा जोडायचा. इथे तिमाही पहिल्यांदा देणं चुकतं करण्याच्या दिवसापासून सुटली आणि सरकती झाली. तिला ठरलेली शेवटची तारीख उरली नाही.

तक्ता असूनही १९२४ मध्ये पुन्हा घोळ झालाच. विभागांचे अंदाज फुगलेले होते. कारखान्यातून गाड्या निघत होत्या, त्या विकल्या गेल्या असं कागदावर दिसत होतं, पण त्या नुसत्या विक्रेत्यांकडे जाऊन उभ्या होत्या. स्लोन दौऱ्यावर निघाले. सेंट लुईस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस, सगळीकडे विक्रेत्यांच्या आवारात रांगाच्या रांगा. तिथे उभं राहून त्यांनी गाड्या मोजल्या आणि उत्पादन ताबडतोब कमी करायला लावलं. त्यानंतर विक्रेत्यांनी दर दहा दिवसांनी कळवायचं ठरलं: गिऱ्हाईकाला किती गाड्या दिल्या, किती शिल्लक आहेत. तीन महिन्यांचा अंदाज आणि दहा दिवसांची मोजणी, ही जोडी तिथे जमली. तिमाही नियोजनाचं खरं तंत्र एवढंच आहे, आणि ते छोट्या दुकानाला मोठ्या कंपनीपेक्षा सोपं पडतं. दुकानदाराला शिल्लक माल मोजायला आगगाडीने लॉस एंजेलिस गाठावं लागत नाही, माळ्यावर चढलं की पुरे.

१९२२ मध्ये जेम्स मॅकिन्झी यांचं अंदाजपत्रकी नियंत्रणावरचं पुस्तक आलं, १९५४ मध्ये पीटर ड्रकरने उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन सांगितलं, इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने त्याला तिमाहीच्या चौकटीत बसवलं, आणि १९९९ मध्ये जॉन डोअर ते गूगलकडे घेऊन गेले. शिबिरांतली तिमाही या शाखेची. दुसरी शाखा शेअरबाजाराची. अमेरिकेत १९७० पासून कंपन्यांना तिमाही अहवाल सक्तीचे झाले आणि तीन महिन्यांच्या नफ्यावर भाव नाचू लागले. २०१८ मध्ये वॉरन बफे आणि जेमी डायमन यांनी मिळून लेख लिहिला, की कंपन्यांनी पुढच्या तिमाहीच्या नफ्याचे आकडे आधी जाहीर करणं सोडावं. छोट्या धंद्याचे शेअर बाजारात नसतात, तेव्हा ही कटकट त्याने उगाच अंगावर घेऊ नये.

भारतात पुढची तिमाही मांडण्याची सवय आली बँकेच्या छापील फॉर्मातून. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर पतपुरवठा वाढला, आणि कर्जदार बँकेच्या पैशावर गरजेपेक्षा जास्त माल साठवतात ही तक्रारही वाढली. १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. टंडन हे हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष, आणि पुढे पंजाब नॅशनल बँकेचेही अध्यक्ष. १९७५च्या अहवालात त्यांनी कच्चा माल, तयार माल आणि येणी किती असावीत याची मापं उद्योगवार सुचवली आणि मोठ्या कर्जदारांसाठी तिमाही माहितीची पद्धत आखली. एका फॉर्मात येत्या तिमाहीचा अंदाज, दुसऱ्यात सरलेल्या तिमाहीचा प्रत्यक्ष आकडा. कल्पना जनरल मोटर्सच्या तक्त्याइतकीच नेमकी होती. पण फॉर्म भरला जायचा बँकेसाठी. कर्जाची मर्यादा टिकेल असा आकडा त्यात लिहायचा आणि एक प्रत फायलीला लावायची. तिमाही पुन्हा घेणेकऱ्याच्या घरी परतली.

पुढे सरकारनेही तिला बोलावलं. २०१६ पर्यंत कंपनी नसलेल्या करदात्याला आगाऊ कराचे हप्ते तीन होते, त्या वर्षी जूनचा चौथा जोडला गेला. अंदाजी पद्धतीने कर भरणाऱ्या छोट्यांना मात्र सगळी रक्कम एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायची सोय आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना विवरणपत्र तिमाही भरण्याची मुभा मिळाली, कर मात्र दरमहा.

एवढ्या तारखा भिंतीवर लागल्यावर वेगळं नियोजन कशाला, असं कोणी म्हणेल. अडचण अशी की या तारखांना आपला हंगाम कळत नाही. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. कापडाच्या दुकानाने दोन वर्षांच्या जुलै ते सप्टेंबर तिमाह्या शेजारी ठेवल्या तर २०२५ मध्ये धंदा वाढलेला दिसेल, आणि त्यातला बराचसा भाग निव्वळ नवरात्राच्या सरकण्याचा असेल. शिवाय त्याच २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले, म्हणजे तुलना आणखी गढूळ. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, तेव्हा मंगल कार्यालय, केटरर, बँडवाला यांची एप्रिल ते जून तिमाही मधोमध रिकामी.

म्हणून स्लोनचा तक्ता घ्यावा, पण त्याच्या डोक्यावर पंचांगाची एक ओळ लिहावी. चार रकाने, चालू महिना आणि पुढचे तीन. खाली हातातला माल, अपेक्षित विक्री, खरेदी, उधारीची वसुली कोणाकडून आणि केव्हा, पगार, हप्ते, कर, आणि तळाशी महिनाअखेरीस बँकेत उरणारी रक्कम. तळाची ओळ ज्या महिन्यात उणे होते, त्या महिन्याचं काम आज सुरू करायचं. बाकी उद्दिष्टं नंतर. दर दहा दिवसांनी विक्री आणि शिल्लक बघायची आणि आकडा चुकला असेल तर खोडून नवा लिहायचा.

दिवाळीनंतर हा तक्ता मांडला की एक खड्डा लख्ख दिसतो. तिमाही विवरणपत्रवाल्याला दरमहाचा जीएसटी दोन प्रकारे भरता येतो: प्रत्यक्ष विक्री मोजून, किंवा मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के इतकी ठरावीक रक्कम. ठरावीक रक्कम सोपी, हिशेबाची कटकट नाही. पण जानेवारीत मागची तिमाही म्हणजे दिवाळीची. धंदा थंडावलेला, उधारी पुरती वसूल न झालेली, आणि २५ फेब्रुवारीला दिवाळीच्या कराचे ३५ टक्के जातात. १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता. २५ मार्चला पुन्हा ३५ टक्के. यात जास्त गेलेला कर एप्रिलच्या विवरणपत्रात जुळवून मिळतो, पण मार्चमध्ये गुढीपाडव्याचा माल भरायला हवेत ते पैसे तेवढे दिवस सरकारकडे पडून राहतात.