पितळी जेटचा वारसा

मुळशीच्या पावसात जुनी येझदी अडली, की पौड-पिरंगुटचा मेकॅनिक आधी कार्ब्युरेटर खोलतो. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण तिथे होते. तळाच्या वाटीत पाणी, गाळ साचला की पितळी जेटचे बारीक भोक बुजते. त्यात तार घालायची नाही, हवा मारायची; भोक मोठे झाले तर गाडी पेट्रोल पिते.

म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी १९९६ मध्ये थांबली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरही गेला. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते. म्हणजे जुन्या गाड्यांना सफाई अधिक लागणार, पण ती शिकायला नव्या गाड्या उपयोगाच्या नाहीत. जुन्या मेकॅनिकने हे काम हाताखालच्या पोराला आजच शिकवायला हवे.