नाना कोणाचे?

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना एक शब्द हमखास अडवतो. तो म्हणजे नाना. आमच्या घरात नाना म्हणजे अम्मीचे वडील. मराठी घरात आईचे वडील आणि वडिलांचे वडील दोघेही आजोबाच. नाना मात्र वडील, काका, थोरला भाऊ, गल्लीतला म्हातारा, कोणीही असू शकतो. उर्दूतलं ननिहाल ते मराठीतलं आजोळ. 'नानाविध' मधला नाना तिसराच. तो संस्कृत अव्यय आहे, अर्थ 'वेगवेगळे', आणि त्याचा माणसांशी काही संबंध नाही.

मुलं विचारतात, सर, उर्दू शब्द म्हणजे अरबीतून आला असेल ना? नाही. अरबीत आजोबांना 'जद्द' म्हणतात, फारसीत 'पिदर-बुजुर्ग'. नाना-नानी ही जोडी इथलीच. हिंदी, पंजाबी, गुजराती, उर्दू सगळ्यांची. गंमत उलट्या बाजूला आहे. आपल्या जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला ज्यांचा वाडा आहे ते नाना फडणवीस, मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू (१७४२-१८००). त्यांच्या हुद्द्यातला 'नवीस' फारसी आहे, म्हणजे लिहिणारा. चिटणिसांतला 'नीस' तोच. पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या नावात फारसी, आणि मुसलमानाच्या घरातल्या सर्वांत लाडक्या माणसाला देशी शब्द! शब्दांना धर्म विचारणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आता सातारा-सांगलीच्या बाहेर जाऊ. तेलुगूत 'नान्न' म्हणजे वडील. इंग्रज मुलं आजीला 'नाना' म्हणतात. घानातल्या अकान लोकांत 'नाना' म्हणजे आजी-आजोबा, आणि राजाला लावायची पदवीही. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात एक कवी आपल्या घरची माणसं आणि त्यांचे उद्योग सांगतो. तिथे वैद्यकी करणारा 'तत' म्हणजे बाप आणि जात्यावर दळणारी 'नना' म्हणजे आई.

एवढं साम्य पाहिलं की मोबाईलवर फिरणारे निरोप लगेच सांगतात, बघा, सगळ्या भाषा आपल्याच भाषेतून निघाल्या. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली याचं साधं कारण मांडलं. दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा आवाज नाकातूनच निघतो, म-म, न-न. बाळ कोणालाच हाक मारत नसतं. हाक आपल्यालाच आहे असं मोठी माणसं ठरवतात. कुठे आई ठरवते, कुठे आजी, कुठे बाप. म्हणून एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही हे शब्द सारखे निघतात.

काही ठिकाणी तर तेवढंही कारण नाही. जपानीत 'नाना' म्हणजे सात. बेळगावकडे गेलात तर कानडीत 'नन्न' म्हणजे माझा. हे निव्वळ योगायोग.

एका जोडीने मात्र मला बरेच दिवस छळलं. कुशाण राजा कनिष्काच्या नाण्यांवर 'नना' नावाची देवी आहे. तिचं मूळ मेसोपोटेमियात, उरुक शहरातल्या ननाया देवीपर्यंत जातं. आणि बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेला तिथले मुसलमान 'नानी' म्हणतात, तिच्या यात्रेला 'नानी की हज'. ही नानी म्हणजेच ती नना, असं काही जण सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण नुसत्या उच्चारावर विसंबायचं तर जपानी सातही आपले आजोबा ठरतील. मधल्या शतकांतला एखादा शिलालेख, एखादं नाणं दाखवा; तोवर मी तिला आजीच समजतो.