"बाबा, टाकताना मला विचारलं होतंस का?"

गेल्या रविवारी फेसबुकनं बारा वर्षांपूर्वीचा एक फोटो वर आणला. लेकीच्या जावळाचा. डोक्याचा गोटा, नाकाला शेंबूड आणि मामाच्या मांडीवर बसून घातलेला आकांत. काहीही विचार न करता मी तो परत शेअर केला. मंगळवारी ती शाळेतून आली ती सरळ खोलीत गेली. वर्गातल्या कुणीतरी त्या फोटोचा स्टिकर केला होता आणि दिवसभर तो ग्रुपवर फिरत होता. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, टाकताना मला विचारलं होतंस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी इतिहासात शिरतो, जुनी खोड आहे.

मुलांचं कौतुक चारचौघांत करायची पद्धत काही फेसबुकनं आणलेली नाही. बारसं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण हे सगळं म्हणजे बाळाचा एकेक टप्पा लोकांना दाखवणंच की! पण गंमत बघा, कौतुक झालं की लगेच आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. गालाला तीट लावायची. आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायचे, म्हणजे कुणाची नजर जाणार नाही. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण त्यामागची भीती खरी होती. अगदी १९७१ सालीसुद्धा आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्यामुळे दाखवायचं, पण जपून, हे त्या लोकांना कळत होतं. आणि बघायला येणारे कोण? आमंत्रण दिलेले. संध्याकाळी आपापल्या घरी जाणारे.

मग कॅमेरा आला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये स्वतःच्या मुलाला, भालचंद्रला, रोहिदास केलं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये सात वर्षांची मंदाकिनी कृष्ण झाली. त्या सिनेमाच्या सुरुवातीला फक्त तिचा चेहरा दिसतो. बापानं लेकीचे हावभाव कौतुकानं टिपलेत. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती पोर पडद्यावर सातच वर्षांची आहे. बघताना छान वाटतं. पण एक गोष्ट कळते: आपण विसरतो, फिल्म विसरत नाही.

याची दुसरी बाजू इंग्लंडात दिसते. ए. ए. मिल्न या लेखकानं आपल्या मुलाला, क्रिस्टोफर रॉबिनला, त्याच्या खऱ्या नावानिशी कवितांत आणि गोष्टींत आणलं. १९२४ साली कवितांचं पुस्तक आलं, १९२६ साली 'विनी द पू'. बापानं प्रेमानंच लिहिलं होतं, त्यात शंका नाही. पण मुलगा बोर्डिंगात गेला तेव्हा त्याच्यावरच्या कवितेची ग्रामोफोन रेकॉर्ड लावून पोरं त्याला चिडवायची. ती सल त्याच्या मनात कित्येक वर्षं राहिली. पन्नाशी उलटल्यावर, १९७४ साली, त्यानं आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यात हे सगळं मोकळेपणानं मांडलं.

ग्रामोफोनच्या जागी स्टिकर ठेवा. माझ्या घरची मंगळवारची संध्याकाळ झाली.

आता कायद्याचं. फेसबुक २००६ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, अट एकच, वय तेरा पूर्ण हवं. म्हणजे तेराच्या आतल्या मुलाला स्वतःचं खातं काढता येत नाही, पण त्याचा प्रत्येक दात आईबाबांच्या खात्यावर उगवू शकतो! २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांच्या ऑनलाइन खुणा कायमच्या राहतात, त्यांच्या खासगीपणाला खास संरक्षण हवं, असंही लिहिलंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरायला कंपनीनं पालकांची संमती घ्यायची आहे. पण पालकच ती माहिती घरगुती हौसेखातर टाकत असतील तर? त्याला तो कायदा लागूच होत नाही. फ्रान्सनं मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून सांगितलं की मुलाच्या फोटोंचा हक्क आईवडिलांनी मिळून जपायचा, आणि मुलाचं वय आणि समज बघून त्यालाही विचारायचं.

काहीजण म्हणतील, आपलंच पोर, आपण कौतुक करायचं नाही तर कुणी? अगदी बरोबर. परगावच्या आजी-आजोबांना नातवाचं पहिलं पाऊल दिसतं ते फोनवरच, ते मी कशाला थांबवू? पण घरच्या ग्रुपवर टाकणं वेगळं आणि सगळ्या जगापुढे टाकणं वेगळं. शाळेचं नाव, गणवेश, जन्मतारीख, आजारपण, अंघोळीचे फोटो यातलं काहीही बाहेर जाता कामा नये, हे मला आता पटलंय. आणि बोलता येणाऱ्या पोराला विचारायला दोन मिनिटं लागतात.

शनिवारी आम्ही दोघं बसलो. बारा वर्षांतले फोटो एकेक करून तिला दाखवले. बरेचसे तिनं काढायला लावले, माझे लाडकेसुद्धा. एक मात्र ठेवला. आजीच्या मांडीवर झोपलेली असतानाचा. माझी आई आता नाही. म्हणाली, "हा राहू दे. हा माझा आहे."

बाकीचे उडवले. स्टिकर मात्र अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असणार. तो मला काढता येत नाही.

तुमच्या घरी काय पद्धत आहे? सांगा. पण आधी पोरांना विचारून.