दुःखाला कारण असलं, म्हणजे तो आजार नसतो का?

पवनीत बसून दुःखाचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात आपल्या जगन्नाथ टेकडीपासूनच करू या. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. हे स्तूप ज्या परंपरेने उभारले, तिच्यात किसा गोतमीची गोष्ट सांगतात. तिचं लेकरू गेलं. ती ते कलेवर उराशी धरून औषध मागत हिंडत होती. लोक म्हणाले, ही वेडी झाली. बुद्ध मात्र म्हणाले, ज्या घरात कुणी मेलेलं नाही, त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार गेली, प्रत्येक दारात एकेक मृत्यू ऐकला, आणि शेवटी तिने लेकराला निरोप दिला.

आता अर्जुन बघा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अंग गळतं, तोंड कोरडं पडतं, हातातलं धनुष्य सुटतं. लक्षणं पाहिली तर आजचा डॉक्टरही दचकेल. पण संवाद होतो आणि तो उठतो. गोतमी काय, अर्जुन काय, दोघांच्या दुःखाला कारण आहे, आणि दोघांचंही दुःख समोरच्याचं ऐकतं. या दोन गोष्टी आम्हाला पुढे लागणार आहेत.

पश्चिमेत ग्रीक वैद्यांनी वेगळी खूण सांगितली. भीती किंवा खिन्नता फार काळ टिकली, तर तो रोग, काळ्या पित्ताचा. १६२१ मध्ये रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने खिन्नतेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानेही उघड कारण नसलेली भीती आणि दुःख हीच या रोगाची ओळख मानली. म्हणजे जुना न्याय सरळ होता: कारण असेल तर दुःख, कारण नसेल तर आजार.

हा न्याय विसाव्या शतकात मोडला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांची तुलना झाली. सारख्याच रुग्णांना दोन शहरांतले डॉक्टर वेगवेगळी निदानं देत होते. ‘कारण पुरेसं आहे का’ हे प्रत्येकाने आपापल्या मताने ठरवायचं, तर एकमत व्हायचं कसं? म्हणून १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत कारणाचा प्रश्न बाजूला ठेवला. लक्षणं मोजा आणि मुदत बघा, एवढंच. आज ती यादी नऊ लक्षणांची आहे. त्यांतली किमान पाच, निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं. शिवाय रोजचं जगणं अडायला हवं.

एकच अपवाद ठेवला होता, जवळच्या माणसाच्या मृत्यूचा. २०१३ मध्ये तोही काढला, आणि मोठा वाद पेटला. टीकाकार म्हणाले, आता शोकालाही रोग ठरवणार. दुसरी बाजू म्हणाली, शोकात असलेल्या माणसाला हा आजार होऊच शकत नाही, असं कुणी सांगितलं?

खरं सांगायचं तर आमचं मन पहिल्या बाजूला होतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दुःखाचा रोग केलेला आवडत नाही. आणि टीकेत तथ्य आहेच. १९८८ मध्ये गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं, पुढे आपल्या शेजारची गावं पाण्याखाली गेली. गाव गेलेल्या माणसाला जमीन हवी, मोबदला हवा. त्याच्या दुःखावर नुसती गोळी देणं हा अन्याय आहे.

पण आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आमचं अर्धं मत बदललं. त्यांची पत्नी वारली, त्याच वर्षी धानही गेलं. पुढच्या वर्षी रोवणा आला तरी ते बांधीकडे फिरकले नाहीत. पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही. मी नसलो तर पोरं सुखी होतील, असं म्हणायचे. आम्ही काय केलं? ‘भाऊ, काळच औषध आहे’ म्हणालो आणि गीतेचा दुसरा अध्याय समजावून आलो. कारण दोन-दोन कारणं डोळ्यांसमोर होती! शेवटी त्यांच्या मुलीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. औषध आणि समुपदेशन सुरू झालं. काही महिन्यांनी भेटले, तेव्हा पत्नीची आठवण काढून ढसाढसा रडले. म्हणाले, सर, तेव्हा रडूही येत नव्हतं हो.

मंडळी, आजार गेला तेव्हा त्यांचं दुःख त्यांना परत मिळालं. आम्ही ज्याला दुःख समजत होतो, त्याने दुःखाचीच वाट अडवली होती.

आपल्या विदर्भात ही चूक सोपी आहे, कारण इथे कारणांचा तुटवडा कधीच नसतो. नापिकी, कर्ज, आजारपण. कारण सापडलं की आपण ‘टेन्शन आहे’ म्हणतो आणि थांबतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती. गावातलेच कार्यकर्ते आणि समुपदेशक घरोघरी गेले, तेव्हा दीड वर्षात तो आकडा २७ वर गेला. म्हणजे दारात जाऊन विचारणारं कुणी असलं, की लोक मदत घेतात.

मग ओळखायचं कसं? ‘का’ विचाराच, पण तिथे थांबू नका. साधं दुःख लाटांनी येतं. मधेच नातवंडाला बघून हसू येतं, आवडीचं जेवण गोड लागतं. आजारात दिवसच्या दिवस काहीच गोड लागत नाही. दुःखात माणूस म्हणतो, माझं काहीतरी गेलं. आजारात म्हणतो, मीच कुचकामी आहे. दुःख गोतमीसारखं समोरच्याचं ऐकतं, आजारात शब्द आत पोचत नाहीत. झोप, भूक, काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि मरणाची भाषा निघाली, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी सरळ विचारा, एकटं सोडू नका, मदत मिळवा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

गीता वाचून दाखवायला आमची आजही ना नाही. फक्त आधी माणूस ऐकण्याच्या स्थितीत आहे का, ते बघू या. अर्जुन होता. आमचे ते भाऊ नव्हते, आणि ते आम्हाला कळायला हवं होतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.